हेब्रॉनमधलं हिरवं दार

जेरुसलेमचे चार दिवस आणि बेथलेहेमचं चर्च यावर खूप जणांनी लिहिलंय, ते मी सोडून देते. नोव्हेंबर २०१९ मधल्या त्या ट्रिपमधला हेब्रॉनचा (इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधलं पॅलेस्टिनी शहर) एकच दिवस अजून डोक्यातून जात नाहीये.

बेथलेहेमहून पिवळ्या शेअर टॅक्सीने गेले. बाजूचा माणूस खिडकीतून दाखवत होता, छपरावर पाण्याच्या काळ्या टाक्या दिसल्या (पाणी नियमित येत नाही म्हणून साठवायला) की पॅलेस्टिनी गाव आणि डोंगरावर लाल कौलं दिसली की इस्रायली वसाहत. पाण्याचासुद्धा इतका फरक असावा, हे बघून फार वाईट वाटलं.

हेब्रॉनच्या जुन्या बाजारात डोक्यावर तारेची जाळी आहे. काही ठिकाणी वरच्या मजल्यांवर सेटलर, म्हणजे वसाहत करून राहिलेले इस्रायली, राहतात, तिथून कचरा आणि दगड येतात म्हणून ती लावलीये. जाळीत बाटल्या अडकलेल्या आणि खाली बहुतेक शटर बंद. भरतकामाच्या पिशव्या विकणाऱ्या एका काकांनी बोलावून बसवलं, मरामियाची (सेजची) पानं घातलेला चहा दिला, पैसे घेतले नाहीत. इंडियन पासपोर्ट आहे कळल्यावर म्हणाले, मग तू शुहादा स्ट्रीटवर जाऊ शकतेस, माझ्या वडिलांच्या दुकानाचा फोटो काढून आणशील का? हिरवं लोखंडी दार, अमुक घराच्या शेजारी, असं त्यांनी कागदावर काढून दिलं.

तो रस्ता म्हणजे गावातली मुख्य बाजारपेठ होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये एका सेटलरने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ लोकांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर निर्बंध आले ते पॅलेस्टिनी दुकानांवर. २००० नंतरच्या इंतिफादात, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, तर बऱ्याच भागात त्यांना पायी चालायलाही बंदी झाली, कितीतरी दारं वेल्डिंग करून टाकली. १९९७ च्या करारात शहराचे एच-१ (पॅलेस्टिनी प्रशासनाकडे) आणि एच-२ (इस्रायली सैन्याच्या ताब्यात) असे दोन तुकडे झाले, दोन लाखांवर पॅलेस्टिनींच्या या शहरात एच-२ मधल्या साधारण आठशे सेटलर्ससाठी एवढं सगळं चाललंय.

चेकपोस्टवर कोवळ्या वयाच्या सैनिकाने धर्म विचारला, हिंदू म्हटल्यावर सोडलं. मी त्या रिकाम्या रस्त्यावरून चालले आणि मला लाज वाटत होती, कारण ज्याचं दुकान तो दोन गल्ल्या पलीकडे बसलाय आणि मी ठाण्याहून येऊन इथे फिरतेय. दार सापडलं. फोटो काकांना दाखवला तर त्यांनी झूम करून चौकटीवरचा पुसट आकडा शोधला आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांनी रंगवलंय. शांततेबद्दल विचारायचं मी ठरवून गेले होते, मला विचारवलंच नाही.

दोन दिवसांनी इस्रायलमधल्या अश्दोदला मावशीकडे गेले. मावशी म्हणजे आईची ठाण्याची मैत्रीण, बेने इस्रायली (मराठी बोलणारे ज्यू), १९७१ मध्ये तिकडे गेली, अजून अस्सल मराठी बोलते. तिला सगळं सांगितलं तर आधी ती चिडली, १९२९ चं बोलली. त्या वर्षी हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंना मारलं होतं, हे खरंच आहे. पण तेव्हा कितीतरी ज्यूंना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवलं होतं, हेही खरं, आणि ते तिलाही माहीत होतं. मला विचाराल तर शांतता त्या शेजारपणातून येऊ शकते, वसाहती वाढवून ती येणार नाही, प्रत्येक नवीन वसाहतीने पॅलेस्टिनी राज्याची जमीन आणखी तुटत जाते. मी घरी पोचले त्याच आठवड्यात, १८ नोव्हेंबरला, अमेरिकेने जाहीर केलं की या वसाहती म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग असं आम्ही आता मानत नाही. बातमी वाचून मला रात्री झोप लागली नाही.

मावशीचा मुलगा आर्मीत असताना हेब्रॉनला होता. तो तिथलं काहीच बोलायचा नाही, म्हणाली. मग चष्मा लावून तिने त्या हिरव्या दाराचा फोटो बराच वेळ बघितला.

"त्या माणसाकडे आता गिऱ्हाईक येतं का गं?"

मी दोन तास बसले होते मावशी, मी एकटीच होते.