चाळीस लिटर, डोक्यावर

चाळीस लिटर पाण्याचं वजन चाळीस किलो. शाळेत पाठ केलेली ही गोष्ट माणसाच्या डोक्यावर दोन फुटांवर टांगायची वेळ येते, तेव्हा ती अंगावर येते. दोन फुटांवरून एकगठ्ठा सुटलेला लोट डोक्याला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास असतो. बारा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण चाळीस किलो आणि मान हे दोन शब्द त्याच्या शेजारी ठेवले की वाटत नाही.

मी इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका कॉलेजात मीडिया विभागाचा वर्कशॉप टेक्निशियन आहे. सेट उभारणं, प्रॉप्स, सुतारकाम, लाइट आणि वायरी ही माझी कामं. दर मार्चमध्ये इथे ‘रेड नोज डे’ असतो. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय संस्थेसाठी पैसे जमवायचा हा दिवस, पहिला झाला १९८८ साली. त्यासाठी आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना व्हिडिओ करायचा होता. लोकांनी देणग्या द्यायच्या, ज्या शिक्षकाच्या नावावर जास्त पैसे जमतील त्याला गन्ज टँकमध्ये बसवायचं. गन्ज म्हणजे घट्ट, रंगीत, बुळबुळीत द्रव. तो वरून ओततात, खाली बसलेला माणूस नखशिखांत माखतो आणि बघणारे लोळून हसतात.

ब्रिटनमध्ये दोन पिढ्या हे बघत मोठ्या झाल्या आहेत. बीबीसीवर १९९१ ते १९९९ चाललेल्या ‘नोएल्स हाउस पार्टी’त गन्ज टँक होता. १९९१ मध्येच सुरू झालेल्या ‘गेट युअर ओन बॅक’मध्ये तर मुलंच मोठ्या माणसांना त्या राड्यात पाडायची. मुलांना मी हे सगळं सांगितलं, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय मला लाकडाला करवत लावायची नव्हती. ‘हाउस पार्टी’च्या सूत्रसंचालकाचा आधीचा कार्यक्रम होता ‘द लेट लेट ब्रेकफास्ट शो’. १९८६ च्या नोव्हेंबरात त्यातल्या एका साहसी प्रयोगाच्या सरावात प्रेक्षकांमधून पुढे आलेला एक तरुण उंचावरून पडून मरण पावला. कार्यक्रम तिथेच बंद झाला. तो तरुण हौसेने आला होता, बाकीचं कोणीतरी बघितलं असेल असं धरून चालला होता. आपल्या टँकमध्ये बसणारा माणूसही तेच धरून चालणार आहे, एवढंच मी म्हणालो. वर्ग गप्प झाला आणि मग कामाला लागला.

मुलांच्या पहिल्या आराखड्यात वरच्या पेटीच्या तळाला बिजागरीची झडप होती. खिट्टी ओढली की झडप खाली पडणार आणि गन्ज कोसळणार. कागदावर अगदी सुबक. खुर्चीवर आम्ही कपडे भरलेला पुतळा बसवला, त्याच्या मानेवर फुटबॉल बांधला आणि साध्या पाण्याने चाचणी घेतली. पाणी पडायच्या आधी झडपेची कड झोक्याने खाली आली आणि फुटबॉल पार कोपऱ्यात उडाला. माझ्या आठवणीत ती कार्यशाळा इतकी शांत कधी झाली नव्हती. ज्या मुलीने आराखडा काढला होता तिने स्वतःच तो फाडला आणि नव्याने काढायला बसली. नव्या आराखड्यात झडप खाली पडत नव्हती, ड्रॉवरसारखी बाजूला सरकत होती. त्याखाली बोटभर रुंद भोकांची एक फळी होती, म्हणजे लोट फुटून त्याच्या पंधरा-वीस धारा व्हाव्यात. पडद्यावर हेच जास्त छान दिसतं, कारण धारा खांद्यांवरून ओघळत राहतात आणि चेहरा मधूनमधून दिसतो. मानेचंही भलं होतं.

सांगाडा जाड बांधकामाच्या लाकडाचा, आरपार बोल्ट मारलेला, चारही बाजूंना तिरके आधार दिलेला. नुसत्या स्क्रूवर असलं वजन टांगू नये. पेटीत दीडपट वजनाची वाळूची पोती ठेवून रात्रभर तसंच ठेवलं. तीन बाजूंना पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे लावले, पुढची बाजू पूर्ण मोकळी. मुलांना टीव्हीसारखं बंद दार हवं होतं. मी ठाम नाही म्हणालो. दार नाही, कडी नाही, पट्टा नाही, बसलेल्याला वाटेल तेव्हा उठून बाहेर येता आलं पाहिजे. पायाखालच्या ट्रेला मोठं भोक आणि त्याखाली पिंप, म्हणजे द्रव घोट्याच्या वर साचणार नाही.

मग आला गन्जचा प्रश्न. एक मुलगा उत्साहाने वॉलपेपरच्या खळीची पाकिटं घेऊन आला. स्वस्त, पटकन फुगते, दिसतेही अगदी हवी तशी. मी पाकीट उलटं करून त्याला मागची बारीक अक्षरं वाचायला लावली: बुरशीनाशकयुक्त. भिंतीला बुरशी लागू नये म्हणून घातलेलं औषध माणसाच्या डोळ्यात आणि तोंडात जाता कामा नये. इथल्या घरांत ही खळी सर्रास पडलेली असते, म्हणून घरगुती प्रयोग करणाऱ्यांना मी हे पहिलं सांगतो. कस्टर्ड पावडरही लोक वापरतात. ती खायची वस्तू, पण कोरडी असताना हवेत उधळली आणि जवळ ठिणगी असली तर धोका असतो. बॅनबरीच्या कस्टर्डच्या कारखान्यात १९८१ मध्ये कॉर्नफ्लोअरच्या धुळीचा स्फोट होऊन नऊ कामगार जखमी झाले होते. बादलीभर कस्टर्डने तसं होणार नाही, पण हीटरपाशी पोतं झटकायचं नाही हे मुलांना कळलं.

आम्ही हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज वापरलं. स्टुडिओतही मुख्यतः हेच असतं, काही शाम्पूंना दाटपणा देतात तोही यानेच. शंभराला एक या प्रमाणात, म्हणजे चाळीस लिटरला चारशे ग्रॅम. पावडर थंड पाण्यात थोडी थोडी भुरभुरवत ढवळायची, नाहीतर गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या फुटत नाहीत. सगळी मिसळली की चिमूटभर खायचा सोडा, त्याने ती लवकर दाटते. पावडर जमिनीवर सांडली आणि वर पाणी पडलं तर तिथे उभं राहता येत नाही, म्हणून मापन वेगळ्या खोलीत. रंग खायचा, तोही आदल्या दिवशी बसणाऱ्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलेला. मिश्रण सकाळचं ताजं. असं पाणी कोमट ठेवून दिवसेंदिवस साठवलं तर त्यात जंतू वाढतात. ओतताना ते अंगाइतकं कोमट असावं. गार लोट डोक्यावर पडला की माणूस नकळत श्वास आत ओढतो, आणि त्या क्षणी श्वास आत ओढणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

माझं आजोळ गोव्यात माशेलला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो, त्यात मी लहानपणी नखशिखांत लोळलो आहे. तिथे चिखल पायाखाली असतो आणि नाक आपल्या ताब्यात. टँकमध्ये तो वरून येतो आणि सोडणारा हात दुसऱ्याचा असतो. हा टँक बांधताना माझ्या डोक्यात सतत नाकच होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी सर्वांत जास्त देणग्या इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या नावावर होत्या. त्यांना बसायची पद्धत आधीच शिकवली होती: हनुवटी छातीकडे, तोंड बंद, वर बघायचं नाही, नाकातून हळू श्वास सोडत राहायचा. कानांत बोळे, त्यामुळे त्यांना आमचं ऐकू येणार नव्हतं आणि गोंगाटात त्यांचं आम्हाला. म्हणून खूण ठरली होती. उघडा तळवा वर गेला की सगळं थांबवायचं, का म्हणून विचारायचं नाही. एक मुलगा झडपेच्या दोरीवर. एक मुलगी फक्त बाईंकडे बघायला, तिने मान हलवल्याशिवाय सुरक्षेची खिट्टी निघणार नाही. लाइट बॅटरीवरचे आणि लांब, कॅमेऱ्यांच्या वायरी उलट बाजूने.

दीडशे पोरं उलटी गिनती ओरडत होती. पाच, चार, तीन. खिट्टी निघालेली होती. ‘दोन’ला बाईंचा तळवा वर गेला.

बघणारी मुलगी ओरडली आणि दोरीवरचा मुलगा थांबला. गर्दी ‘एक’ आणि ‘शून्य’ म्हणून मोकळी झाली, हुर्यो उडवू लागली, कोणी तरी ‘ओढ, ओढ’ म्हणालं. त्याने दोरीवरचे दोन्ही हात काढून पाठीमागे बांधले. सतरा वर्षांचा तो पोरगा, सगळे मित्र समोर, कॅमेरे चालू. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि अजून वाटतो. मी खिट्टी परत घातली आणि बाईंजवळ गेलो.

त्यांच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. सवयीने घातलेल्या, आणि डोळे मिटले तेव्हा जाणवल्या. लेन्सच्या मागे असा द्रव अडकला तर डोळा नुसता धुऊन भागत नाही. त्यांनी लेन्स काढल्या, डबीत ठेवल्या, परत येऊन बसल्या. गर्दीने पुन्हा पाचपासून सुरू केलं, आणि या वेळी शून्याला हिरव्या धारा सुटल्या. बाई हसत होत्या, तोंड घट्ट मिटून, खांदे गदगदत. इतका सुंदर शॉट त्या मुलांनी आधी कधी घेतला नव्हता.

उठताना दोघांनी दोन्ही बाजूंनी हात दिले. पडापड होते ती याच वेळी. सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं आणि पाय साबणावर असल्यासारखे असतात. बाहेरपर्यंत रबरी जाळीची चटई होती, पुढे कोमट पाण्याची बादली आणि टॉवेल. आधी डोळे, मग बाकीचं.

संध्याकाळी पिंपातला गन्ज भरपूर पाण्यात पातळ करत थोडा थोडा मोरीत सोडला. पावसाच्या पाण्याच्या गटारात नाही, ते थेट नदीला जातं. बघणाऱ्या मुलीने तोवर धोक्यांचा तक्ता पुन्हा उघडला होता. इथे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या १९७४ च्या कायद्याखाली असा तक्ता आम्हाला करावाच लागतो, आणि मुलं तो एरवी उरकून टाकतात. तिने त्यात नवी ओळ घातली: ‘बसण्याआधी लेन्स, श्रवणयंत्र, दागिने विचारणे.’ दोरीवाल्या मुलाने खाली भर घातली, की उलटी गिनती गर्दीने नाही, बघणाऱ्याने म्हणायची. मी सही केली.