वाफसा येईना

रविवार, रात्र

पाऊस यंदा उसंत द्यायला तयार नाही. सामुदायिक बागेतल्या भाड्याच्या तुकड्याची गंमत अशी, की आपल्याला वेळ मिळतो सुट्टीच्या दिवशी आणि जमिनीला वाफसा येतो, म्हणजे ओल उतरून ती खुरपण्याजोगी होते, तिच्या सवडीने. या मोसमात दोघांची गाठच पडेना. आज मूठभर माती दाबून पाहिली. अंगठ्याने टोचल्यावर गोळा फुटायला हवा. तो नुसता चेपला आणि बोटांच्या फटींतून चिखल वर आला. म्हणजे खुरपं बंद. अशा मातीत नुसतं चाललं तरी ती दबते, आतल्या हवेच्या जागा मिटतात आणि पुढे ऊन पडलं की दगडासारखी ढेकळं होतात. कडेला टाकलेल्या फळीवर बसून हाताला येईल तेवढं तण उपटलं. ओल्यात ते मुळासकट येतं, एवढंच काय ते सुख.

वांगी भरदिवसा माना टाकून उभी. शेजारच्या वाफ्यावरचे काका म्हणाले, "पाणी कमी पडतंय का रे?" वाफ्यात पाणी साचलेलं असताना! पण प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात, पाणी ओढेनाशी होतात, आणि झाड वरून तहानलेलं दिसतं. खालची पानं पिवळी पडलीत, कारण नत्रही पाण्याबरोबर खाली निघून गेलंय. काका खत टाक म्हणतात. आत्ता टाकलं तर तेही त्याच वाटेने जाईल. आधी निचरा, मग खत.

पालक गोगलगायींनी खाल्ला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, नुसते देठ आहेत.

खरी धास्ती टोमॅटोची. एका खालच्या पानाच्या टोकाशी ओलसर, काळपट डाग दिसला. पान उलटं केलं तर डागाच्या कडेने पांढऱ्या लवेची बारीक झालर. उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा ज्याने नासवला आणि लोक उपाशी मेले, तोच हा. ब्रिटनमध्ये बटाट्यावरच्या करप्याचा इशारा द्यायचं गणित सोपं आहे: सलग दोन दिवस तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी हवेतली आर्द्रता निदान ६ तास ९० टक्के किंवा वर राहिली, की सावध व्हा. या हिशेबाने आम्ही रोजच सावध असायला हवं. डागाळलेली पानं खुडून पिशवीत भरली. कंपोस्टच्या ढिगात नाही टाकली. तो ढीग तसाही भिजून आंबलाय, जवळ गेलं की नाक धरावं लागतं. त्यात सुका पाला आणि पुठ्ठे घालून तो उलथायचाय.

पण माझी पानं खुडून काय होणार? पलीकडच्या तुकड्यात कुणीतरी लावलेला बटाटा पार काळा पडलाय आणि तो भाडेकरू बरेच दिवस फिरकलेला नाही. या चिखलात कोण येईल म्हणा, मलाही सकाळी कंटाळाच आला होता. तरी राग येतो. करप्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यांना दोरी बांधून आखलेली हद्द कळत नाही. आणि नियम असा, की दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावायचा नाही. कोरड्या वर्षात हा नियम मला फार आवडतो. आज त्याला निरोप धाडला, जमिनीवरचा पाला तरी कापू देशील का म्हणून. उत्तर नाही.

पाण्याचंही तेच. जो तो आपल्या वाफ्याभोवती चर खणतो आणि पाणी खालच्याच्या गळ्यात घालतो. सगळ्यात खालचा तुकडा माझा. उताराला धरून एकच सामाईक चर काढला तर प्रश्न सुटेल. बैठकीत विषय काढणार आहे. काका विरोध करतील, कारण सरळ रेषेत काढला तर तो त्यांच्या कांद्यांमधून जातो.