पहिलं घर, पहिलं कर्ज आणि शेजारचे काका

गृहकर्ज घ्यायचंय असं नुसतं म्हणून बघा, सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. फ्लॅट दाखवणारा एजंट त्याच्या ओळखीच्या बँकेत घेऊन जायला तयार असतो. बँकेच्या नावाने डीएसएचे, म्हणजे बँकेसाठी कर्जाची गिऱ्हाईकं आणणाऱ्या एजंटांचे, फोन सुरू होतात. या दोघांनाही कमिशन मिळतं ते आपलं कर्ज झालं तरच. तो त्यांचा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण "एवढं कर्ज घेऊ नका" हे वाक्य त्यांच्या तोंडून येणार नाही, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ते कुणीतरी सांगणं फार गरजेचं असतं.

आम्हाला ते सांगणारे काका आमच्याच भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहत होते. सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही चिंचवडमध्ये एक रीसेल टू बीएचके नक्की करत आणला होता, साडेबासष्ट लाखांचा. फाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी ती उघडलीच नाही. पहिला प्रश्न आला, "हातात रोख किती आहे? पीएफ सोडून सांगा."

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे आमचं कर्ज फार तर ५० लाख आणि पदरचे साडेबारा. बहुतेकांचा हिशोब इथे संपतो. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा आणि रोख उभा करायचा असतो. आमच्याकडे मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. वर वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीच्या कागदांची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची ट्रान्सफर फी. काकांनी वहीत बेरीज मांडली, ती सतरा लाखांच्या घरात गेली. घरात एक पंखासुद्धा लावायच्या आधी!

मुद्रांक शुल्कातल्या त्या १ टक्क्याच्या फरकावरून घर कुणाच्या नावावर घ्यायचं हा विषय निघाला. एक टक्का म्हणजे साडेबासष्ट हजार रुपये, सोडून द्यावी अशी रक्कम नाही. पण कर्ज बसायला दोघांचे पगार लागत होते. काका म्हणाले, "सहमालक असेल त्याला बँक कर्जात घेतेच. पण कर्जात आहे तो मालक असलाच पाहिजे असं नाही." मग घर माझ्या एकटीच्या नावावर आणि कर्जात नवरा सहअर्जदार, असं ठरलं. यात मालक नसलेल्या नवऱ्याला व्याजाची करवजावट मिळत नाही. आम्ही दोघंही नव्या कररचनेत आहोत, तिथे स्वतः राहत असलेल्या घरावर ती २ लाखांची वजावट नाहीच, त्यामुळे आमचं काही गेलं नाही. जुन्या रचनेत असलेल्यांनी मात्र हे गणित मांडूनच नाव ठरवावं. सासरी यावर थोडी कुजबुज झाली, ती नवऱ्यानेच मिटवली. मला त्याचं फार बरं वाटलं.

पुढच्या बैठकीला काकांनी हप्त्यांचा तक्ता छापून ठेवला होता. ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवून ते म्हणाले, "वाच." व्याज ३५,४१७, मुद्दल ७,९७४. मग पेन्सिल ओळीओळीने खाली सरकत गेली, पान उलटलं, अजून एक उलटलं. मुद्दलाचा आकडा व्याजापेक्षा मोठा झाला तो १४३ व्या हप्त्याला. जवळजवळ बारा वर्षांनी. मी अकाउंट्समध्ये काम करते, चक्रवाढ व्याज मला कुणी शिकवायला नको. तरीही स्वतःच्या नावाचा तो कागद बघून पोटात गोळा आला.

डीएसएने ३० वर्षांची मुदत सुचवली होती, "हप्ता हलका होतो मॅडम." होतो ना, ३८,४४६ होतो. महिन्याला पाच हजारही वाचत नाहीत आणि एकूण व्याज ५४ लाखांवरून ८८ लाखांवर जातं. आम्ही २० वर्षंच ठेवली. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर साधारण साडेतीन वर्षं आधी कर्ज फिटतं, हेही त्याच तक्त्यावरून कळलं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जात असं मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही.

एका बँकेच्या सँक्शन लेटरमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रात, कर्जाच्या विम्याचा १ लाख २० हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला होता. "सगळे घेतात," असं उत्तर मिळालं. असा विमा बँकेकडूनच घेण्याची सक्ती नाही. आणि तो कर्जात गेला की २० वर्षं त्यावरही व्याज, म्हणजे जाणार अडीच लाख. आम्ही तो काढायला लावला आणि दोघांचे साधे टर्म प्लॅन वेगळे घेतले. ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिलेल्या प्रत्येक (रिटेल) कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना करायची ती त्या आकड्याची, जाहिरातीतल्या दराची नव्हे.

शेवटी आम्ही रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, जोडलेल्या दराचं, बँकेचं कर्ज घेतलं. एका गृहवित्त कंपनीचा सुरुवातीचा दर थोडा कमी होता, पण त्यांचा दर त्यांच्या पीएलआरवर, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर, चालतो आणि रेपो उतरला की तो तितकाच उतरेल असा नियम नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० वर आला आणि आमचा दर साडेसातवर. अशा वेळी हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडायचा हक्क कर्जदाराचा आहे. आम्ही हप्ता तोच ठेवला, मुदत सुमारे पावणेतीन वर्षांनी घटली. नवा तक्ता या वेळी मी छापला आणि काकांना नेऊन दिला. ते परत पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्या ओळीपासून तपासू लागले.