नखं दाखवा

द्राक्षाच्या गोडी छाटणीला कात्री धरता येईना, तेव्हा मी पहिल्यांदा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत टम्म सुजलेलं, सकाळी तासभर मूठच वळायची नाही. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. ऐन ऑक्टोबरात बाग सोडून नाशिक गाठायचं म्हणजे घरात आधी बोलणी खायची. रक्त तपासलं. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी बघतात ती रक्ताची तपासणी, निगेटिव्ह; युरिक ॲसिडही ठीक. "संधिवात नाही, कामाचा ताण आहे," म्हणून परत पाठवलं.

डोक्यात आणि कोपरांवर सोरायसिस, म्हणजे खपल्या धरणारे त्वचेचे चट्टे, नऊ वर्षांपासून होता. त्याची फाईल वेगळी, डॉक्टर वेगळ्या. कोंड्याचं गाऱ्हाणं हाडांच्या डॉक्टरांपुढे कोण काढणार? त्यांनीही विचारलं नाही.

मग गावाजवळच्या एका दवाखान्यातून बारीक पांढऱ्या गोळ्या आणल्या. चार दिवसांत बोट वळलं, मी बागेत पळालो. गोळ्या संपल्या आणि पंधरवड्यात चट्टे पाठभर पसरले. त्या स्टेरॉइडच्या होत्या. सोरायसिसमध्ये त्या एकदम थांबवल्या तर त्वचा अशी उसळू शकते, हे फार उशिरा कळलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि म्हणाल्या, "नखं दाखवा." सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, मी ते फवारणीच्या औषधांमुळे समजत होतो. "टाच दुखते का?" दुखत होती. ती मी गमबुटांच्या नावावर खपवली होती.

त्यांनी नाशकातच एका रुग्णालयात पाठवलं. तिथे ठरलेल्या दिवशी त्वचेचे आणि संधिवाताचे डॉक्टर एकाच खोलीत पेशंट बघतात. तीन तास बाकड्यावर बसलो, पण आत मिळाली ती वीस मिनिटं नऊ वर्षांत कुठे मिळाली नव्हती. सांध्याला सूज असेल तर पुढे गुण मोजतात, २००६चे निकष आहेत. अंगावर सोरायसिस, दोन गुण. नखांचा एक. सुजलेल्या बोटाचा एक. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह, त्याचाही एक! ज्या कागदावर मला घरी धाडलं होतं, तोच माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिला. तीन गुण लागतात, माझे पाच झाले. दहावीला इतक्या आरामात पास झालो नव्हतो. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा संधिवात.

औषध दोघांनी माझ्यासमोरच ठरवलं: मेथोट्रेक्सेट, कातडीला आणि सांध्यांना दोन्हीकडे चालतं. लिव्हरवर थोडी चरबी निघाली, म्हणून डोस हळूहळू चढवायचा, ठरल्या वेळी रक्त तपासायचं, दारू पूर्ण बंद. द्राक्षाच्या मुलखात हे पथ्य पाहुण्यांना पटवणंच अवघड जातं. गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. बायकोने कॅलेंडरवर सगळ्या सोमवारांना लाल गोल केले आहेत. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी.

फरक पडायला दोन-अडीच महिने गेले. त्या काळात माझा धीर दोनदा सुटला, ते सांगण्यासारखं नाही.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी कात्री आणायला सांगितलं होतं. दांड्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड केली, बोटांवर कमी जोर येतो. टाच अजून सकाळी कुरकुरते. ती कात्री मात्र आता बागेतले मजूरही मागतात, आणि मी देत नाही.