तुम्ही विचारलंत म्हणून : वारसा ‘मिळतो’ म्हणजे काय होते?

‘वारसा’ हा शब्द मूळचा कुठला, आणि त्याच्यासाठी आपला म्हणावा असा जुना शब्द नाही का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर सोपे आहे. ‘वारस’ हा शब्द अरबीतला असून तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. मागे उरणारा, ही छटा त्याच्या मूळ अर्थात आहे; ‘अल-वारिस’ हे ईश्वराचे एक नाव मानले जाते ते याच अर्थाने, कारण सगळे गेल्यावरही तो उरतो. त्याच धातूपासून झालेला ‘मिरास’ हा शब्दही आपल्याकडे आला. जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला तो मिरासदार आणि तसा हक्क नसलेला, बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी, हा भेद मराठेशाहीतील गावाच्या रचनेत फार महत्त्वाचा होता. ‘पैसा’चे ‘पैशाने’ होते तसे ‘वारसा’चे ‘वारशाने’ होते, ‘बेवारस’ आणि ‘वारसनोंद’ हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. त्यामुळे या शब्दाला परका मानण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

दुसरा अर्धा भाग मात्र मला अधिक जवळचा वाटतो, कारण संस्कृतातील जुन्या शब्दांत या व्यवहाराविषयीचा मोठा विचार साठलेला आहे. ‘रिक्थ’ हा त्यांपैकी फार प्राचीन शब्द. तो ‘रिच्’ या धातूपासून आला. ‘रिक्त’ हा शब्दही त्याच धातूचा. कुणीतरी सोडून गेलेले, मागे ठेवलेले धन म्हणजे रिक्थ. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकतिसाव्या सूक्तात हा शब्द येतो, आणि तिथे म्हटले आहे ते असे की औरस पुत्राने बहिणीसाठी रिक्थ सोडले नाही. ही ऋचा यास्काने ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात, मुलीला दायाचा, म्हणजे वारशाच्या धनाचा, अधिकार आहे की नाही या चर्चेत घेतली आहे. वारशासाठीच्या एवढ्या जुन्या शब्दाला बहिणीच्या नाकारलेल्या वाट्याची अशी सोबत असावी, याचे मला वाईट वाटते.

‘रिक्थ’पेक्षा धर्मशास्त्रात अधिक रुळलेला शब्द म्हणजे ‘दाय’. तो देणे या अर्थाच्या धातूपासून साधला, तर लगेच अडचण उभी राहते : मेलेला माणूस देतो कसा? जीमूतवाहनाने ‘दायभाग’ या वारशाविषयीच्या ग्रंथात ही अडचण नेमकी ओळखली आणि सांगितले की इथे ‘देणे’ हा प्रयोग गौण, म्हणजे लाक्षणिक, आहे. मृत किंवा संन्यास घेतलेला माणूस प्रत्यक्षात काही देत नाही. परंतु दानात जसे एकाचे स्वामित्व संपून दुसऱ्याचे निर्माण होते, तसेच फळ इथेही दिसते, म्हणून तो शब्द वापरला जातो. त्याच्या मते मुलाचा हक्क पित्याचे स्वामित्व संपल्यावरच उत्पन्न होतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मात्र दायाची व्याख्या करताना देण्याचा विषयच बाजूला ठेवला. स्वामीशी असलेल्या केवळ नात्यामुळे जे धन दुसऱ्याचे होते ते दाय, असे तो म्हणतो. आणि पुत्राचा हक्क तर जन्मानेच सिद्ध होतो असे मानतो. मला विज्ञानेश्वराची व्याख्या अधिक खोल वाटते. तिच्यात देणाऱ्याच्या मर्जीला जागा नाही आणि घेणाऱ्याला कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत. महाराष्ट्रात मुख्यतः याच मताची परंपरा चालली, आणि बंगालमध्ये जीमूतवाहनाची.

विज्ञानेश्वराच्या त्या मतातली मोठी उणीव अशी की जन्माचा हक्क फक्त पुत्रपौत्रांपुरता धरला गेला. ती कायद्याने दूर व्हायला फार काळ लागला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही मुलीला सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत जन्मापासून हक्क असलेली वाटेकरी, केले नव्हते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. आणि तिचा लाभ मिळण्यासाठी, ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीचाही हक्क आता मुलासारखाच जन्मापासूनचा आहे.

तरीही ‘आम्ही बहिणीला वाटा दिला’ हे वाक्य किती सहज कानावर येते, आणि हक्कसोडपत्रावर तिने सही केली नाही तर तिने भावाकडून काही हिरावून घेतले असे किती घरांत मानले जाते! जे जन्मानेच तिचे आहे ते भाऊ देऊ शकत नाही; फार तर तो ते अडवू शकतो. म्हणून वारसा ‘मिळाला’ या क्रियापदाला माझी हरकत नाही, पण ‘दिला’ला आहे, आणि सातबाऱ्याविषयी बोलताना ‘तिचे नाव लागले’ असेच मी म्हणते आणि लिहिते.