तुम्ही विचारलंत म्हणून: हार्मोन्स बिघडलेत हे कळलं कसं?

थायरॉइडची गोळी चालू आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पण तुला कळलं कसं गं?"

खरं सांगू का, मला नाहीच कळलं. मला वाटायचं मी आळशी झालेय. नऊ-नऊ तास झोपून अंग जडच, कंगव्यात केसांचा पुंजका, पोट साफ नाही, सगळे पंख्याखाली आणि मी शाल गुंडाळून, आणि प्रत्येकाला माझ्याकडे वेगळं कारण तयार, केसांना शाम्पू, झोपेला मोबाईल, थंडीला "माझी प्रकृतीच तशी". हे सगळं एकाच ठिकाणाहून येत असेल असं डोक्यातच आलं नाही. शेवटी पाळीत फारच जायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी छोट्या हातोडीने टाचेच्या वर टक् केलं. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याने जो काही वेळ घेतला ना! पायसुद्धा आळशी.

त्यावरून त्यांना थायरॉइडची शंका आली, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच 38. मी म्हटलं, म्हणजे थायरॉइड जास्त झालं? तर उलटं. टीएसएच मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते, गळ्यातल्या थायरॉइडला काम कर म्हणून हाका मारायला, आणि खालून ओ आली नाही की ती आवाज चढवते. नॉर्मल असतो साधारण 0.4 ते 4. म्हणजे माझी बिचारी बोंबलत होती.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-कॉफी अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या 4 तास लांब. मी पहिला महिना चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि वर "गुण येत नाही" म्हणून कुरकुर केली, काय बोलणार. आणि डोस बदलला की दर आठवड्याला टेस्ट करत बसू नका, गोळीतलं हार्मोन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर जातो, म्हणून डॉक्टर 6 ते 8 आठवड्यांनी बोलावतात.

वजनाचं विचारणारच तुम्ही. थायरॉइडमुळे वाढतं ते थोडंच, त्यातही बरंचसं पाणी. माझं तीन किलो उतरलं, बाकीचं माझं मीच कमावलेलं.

आणि हो, थकवा म्हणजे थायरॉइडच असं धरून कुणाची गोळी उसनी घेऊ नका. बहिणीला सेम टू सेम त्रास होता, तिचा टीएसएच एकदम नॉर्मल. हिमोग्लोबिन निघालं 8.