गाडीवरून मोजलेला माणूस

चॉपर, म्हणजे लांब फोर्क लावून आपल्या मनासारखी बदललेली मोटरसायकल, ही अंग मोडणारी गाडी, हे मला कस्टम गाड्यांच्या कामात सतत ऐकावं लागतं. सांगणारा बहुतेक वेळा चॉपरवर पाच मिनिटंही बसलेला नसतो. पण त्या दिवशी आलेली तक्रार ऐकीव नव्हती. एक ताई आपली चॉपर घेऊन वर्कशॉपला आल्या, मागोमाग साध्या मोटरसायकलवर त्यांचा भाऊ. ताई उतरल्या त्या दोन्ही हात झटकतच.

"दादा, अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. कंबरेचं तर विचारूच नका. पण गाडी विकायची नाहीये."

"विकायचीच आहे," भाऊ मागून म्हणाला. "तुम्ही फक्त हिला पटवून द्या."

मी दोघांनाही काही न बोलता गाडी बघत बसलो. लांब फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, पुढे २१ इंची अरुंद चाक, मागे शॉकअप नसलेली रिजिड फ्रेम, छोटी पीनट टाकी, उंच एप हँगर हँडल आणि इंजिनाच्याही पुढे नेलेले फूटरेस्ट. फ्रेमचं वेल्डिंग इतकं सफाईदार की रंगाखालून जोड कुठे आहे ते बोटांनी शोधावं लागत होतं. ताईंनी ती वापरलेली घेतली होती. आधी दाखवली त्या प्रत्येकानं दोष फोर्कवर टाकला होता: एवढा लांब फोर्क, त्रास होणारच, काढा आणि कंपनीचा घाला.

लांब फोर्क दिसायला दोषी दिसतो हे खरं. पण तो नजरेनं ठरवायचा नसतो, मोजायचा असतो. गाडी सरळ उभी करून मदतनिसाला धरायला लावली. हेड पाइपच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत फोर्क वळतो तिच्या, मध्यरेषेत लांब पट्टी लावली आणि ती रेषा जमिनीला जिथे टेकते तिथे खडूनं खूण केली. मग पुढच्या ॲक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडला, तो स्थिर होईपर्यंत थांबलो आणि दुसरी खूण केली. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्यांत तो साधारण ९० ते १२० मिलिमीटर असतो. फोर्क नुसताच पुढे कलवत नेला तर ट्रेल वाढत जातो, पार २०० च्या वर. अशी गाडी सरळ रस्त्यावर छान धावते, पण गर्दीत हँडल जड होतं आणि हळू वळताना चाक एकदम एका अंगाला पडू बघतं. ताईंच्या गाडीचा रेक, म्हणजे हेड पाइपचा उभ्या रेषेपासूनचा कल, ४० अंश होता, म्हणजे कंपनीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त. तरीही ट्रेल भरला १२८.

बनवणाऱ्यानं ट्रिपल ट्री, म्हणजे फोर्क धरणाऱ्या प्लेटी, ५ अंश कलत्या घातल्या होत्या. वाढलेला ट्रेल तिथे परत आटोक्यात येतो. (हे वाचून कोणी कंपनीच्या फ्रेमवर नुसत्या कलत्या प्लेटी चढवू नयेत. तिथे ट्रेल नको इतका घटतो आणि गाडी वेगात डुलायला लागते. फॅशन म्हणून हे करणारे आहेत.) थोडक्यात, ज्यानं गाडी बनवली त्याचा हिशेब पक्का होता. फोर्कला हात लावायचं कारणच नव्हतं.

मग दुखतं का? मी ताईंना गाडीवर बसवलं, मदतनिसाला मागून गाडी धरायला सांगितली आणि समोर स्टूल घेऊन बसलो. या कामात एवढं बघता आलं की निम्मं निदान होतं. ताईंच्या मुठी खांद्यांच्या वर वीतभर. कोपर पूर्ण ताठ, त्याला वाकायला जागाच नाही. मनगट बाहेरच्या बाजूला मुडपलेलं, आणि तळहाताच्या करंगळीकडच्या भागावर सगळा दाब. त्याच बाजूनं जी नस जाते ती या दोन बोटांना जाते. पाय फूटरेस्टवर टेकत होते, पण चवड्याच्या टोकानं. "मागचा ब्रेक दाबा," म्हटलं तर त्या आधी सीटवर पुढे घसरल्या आणि मग ब्रेक दाबला. म्हणजे प्रत्येक ब्रेकला सीटचा मागचा आधार सुटत होता. कंबर त्यानंच दुखत होती. सीटखाली दोन स्प्रिंगा होत्या, जाड तारेच्या. ताई पूर्ण वजन टाकून बसल्या होत्या तरी त्या तसूभर दबल्या नव्हत्या.

तिथे बसल्या बसल्या मला त्या गाडीचा पहिला मालक दिसायला लागला. हँडलवरून हाताची लांबी, फूटरेस्टवरून पायाची, स्प्रिंगांवरून वजन. मी म्हणालो, "ताई, ही ज्यांच्याकडून घेतली ते सहा फुटांच्या वर असणार. वजन शंभर किलोच्या पुढे. हात गुडघ्याला लागतील असे."

ताई बघतच राहिल्या. मग हसत सुटल्या. "दारातून वाकून बाहेर आले होते ते!"

भावाला मात्र हसू आलं नाही. त्याचा मुद्दा तयार होता. "हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअप १९५८ सालीच दिले होते, मी वाचलंय. मग हे चॉपरवाले अजून रिजिड फ्रेम का वापरतात? मुद्दाम हाल करून घ्यायचे?"

प्रश्न रास्त होता. हार्लेनं मागे शॉकअप असलेली ड्युओ-ग्लाइड आणली ते साल १९५८च. पण त्यामुळे रिजिड फ्रेमची ओढ काही गेली नाही. हेड पाइपपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जी एक उतरती रेषा मिळते ती स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारी भुजा) आणि शॉकअप आले की मोडते. शेवटी कंपनीलाच १९८४ साली सॉफ्टेल काढावी लागली, शॉकअप गियरबॉक्सखाली दडवून, गाडी दिसायला रिजिड वाटावी म्हणून. लोक रेषेसाठी एवढं करतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर रोज खड्ड्यांतून जायचं असेल तर रिजिड घेऊ नये. ताईंचा रस्ता लांब आणि बरा होता.

काम लांबलचक होतं, पण अवघड नव्हतं. एप हँगर काढून खांद्याच्या खाली मुठी येतील असं, मागे ओढलेलं हँडल लावलं. हँडल बदललं की खरं काम केबलचं असतं. उंच हँडलच्या लांब केबल छोट्या हँडलवर तशाच ठेवल्या तर त्या फोर्कमध्ये अडकतात, म्हणून क्लच, थ्रॉटल आणि ब्रेकचा होज सगळं मापात नवं केलं. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आरपीएम जागचा हलला नाही तेव्हा पुढे गेलो. फूटरेस्ट चार इंच मागे आणले, गियरची दांडी तेवढी कापून आटे पाडले. स्प्रिंगा बारीक तारेच्या घातल्या. मागच्या टायरमध्ये हवाही जुन्या मालकाच्या वजनाची होती. ती ताईंच्या वजनाला, टायर कंपनीच्या किमान मर्यादेच्या वर ठेवून, उतरवली. रिजिड फ्रेमवर टायर हाच अर्धा शॉकअप असतो, हे फार जण विसरतात.

संध्याकाळी आधी मी चालवून पाहिली. मला ती तोकडी झाली होती, गुडघे वर येत होते, म्हणजे काम बरोबर झालं होतं. पण मोकळ्या रस्त्याला लागल्यावर गाडीनं आपलं म्हणणं ऐकवलंच. ४५ अंशांचं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन, दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनवर. त्यामुळे एक ठोका क्रँक ३१५ अंश फिरल्यावर पडतो आणि पुढचा ४०५ नी, सारखे कधीच नाहीत. कमी आरपीएमला ते ठोके वेगवेगळे ऐकू येतात आणि मांड्यांपर्यंत पोचतात. हँडल जवळजवळ धरावं लागत नाही, लांब व्हीलबेस गाडी सरळ नेतो. सीट खाली, नजर पुढच्या चाकावरून सरळ रस्त्यावर. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास ही गाडी निवांत असते. त्याच्या पुढे छातीवर वारा येतो आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: ताशी ८० ला जेवढा, त्याच्या दुप्पट ११३ ला. हात हँडलला लटकायला लागतात. चॉपरवर घाई करणाऱ्याला चॉपर दुखणारच, तिथे माझं काही चालत नाही.

ताई गेल्या त्या तासाभरानं परत आल्या. या वेळी हात झटकले नाहीत. भाऊ त्यांच्या बोटांकडेच बघत होता.

"आता एकच," तो म्हणाला. "ही टाकी. आठ लिटर. दर सव्वाशे किलोमीटरला पंप शोधायचा? मोठी बसवून टाका ना."

मी ताईंकडे पाहिलं. टाकी बदलणं सोपं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तेवढ्या अंतरावर मला चहा लागतोच."